मेमरीची उतरंड: लिनक्समध्ये वेगवान आणि संथ मेमरीचे थर कसे लावायचे

सर्व्हरवर ‘फ्री’ हा आदेश दिला की एकूण मेमरीचा एकच आकडा समोर येतो. समजा ७६८ जीबी. त्यातले ५१२ जीबी मदरबोर्डच्या डीडीआर५ स्लॉटमधले आणि उरलेले २५६ जीबी सीएक्सएल (पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्यानं मेमरी जोडायची पद्धत) कार्डावरचे असले, तरी ‘फ्री’ सगळं एकाच पोत्यात ओतून मापतो. प्रोसेसरला मात्र हा फरक प्रत्येक वाचनागणिक सोसावा लागतो. स्वतःच्या सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) डीरॅममधून, म्हणजे नेहमीच्या डीडीआर मेमरीतून, माहिती आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, सीएक्सएलवरून आणायला दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. डेटाबेसचा सगळ्यात जास्त लागणारा इंडेक्स त्या २५६ जीबीत जाऊन बसला आणि गेल्या महिन्यात एकदाच वाचलेली लॉग फाइल डीरॅममध्ये ऐसपैस पसरली, तर पैसे घालून मेमरी वाढवूनही काम मंदावतं.

वेगवेगळ्या जातीची मेमरी वेगाप्रमाणे थरांमध्ये लावणं, थंड (क्वचित लागणारी) पानं, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे तुकडे, खाली उतरवणं आणि गरम (सतत लागणारी) पानं वर चढवणं, हे सगळं लिनक्स कर्नल आता स्वतः करतो. पण त्याला ते काम नीट करता यावं म्हणून काही गोष्टी आपल्याला तपासाव्या आणि चालू कराव्या लागतात. खालचं बहुतेक सगळं करून पाहण्यासाठी कर्नल किमान ६.१ हवा, ६.७ किंवा पुढचा असेल तर उत्तम; शेवटी येणाऱ्या वजनदार इंटरलीव्हला मात्र ६.९ लागतो.

आदेश आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन रूपातच टाइप करायची, आणि ‘डिमोशन एनेबल्ड’सारख्या जोडनावांत मधल्या जागी अंडरस्कोर घालायचा.

थर म्हणजे नेमकं काय

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. सर्वांत मोठं मडकं तळाला, लहान होत होत सर्वांत छोटं माथ्यावर. रोज लागणारी वस्तू माथ्यावर, वर्षातून एकदा लागणारी तळाशी. मेमरीचंही तसंच आहे: वेगवान मेमरी महाग म्हणून थोडी, संथ मेमरी स्वस्त म्हणून भरपूर. फरक इतकाच की इथे कोणतं मडकं माथ्यावर ठेवायचं हे त्याच्या नावावरून ठरत नाही, मोजून ठरतं.

लिनक्सनं हे एका फटक्यात शिकलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ आवृत्तीत पहिल्यांदा अशी सोय झाली, की वेगवान नोड (कर्नल एका जातीची मेमरी, आणि असतील तर तिच्याजवळचे सीपीयू, ज्या गटात धरतो तो) भरला तर पान फेकून देण्याऐवजी किंवा स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, ढकलण्याऐवजी संथ नोडवर हलवायचं. तेव्हा नजरेसमोर होती इंटेलची ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरी. ती २०१९ मध्ये बाजारात आली होती, १२८ ते ५१२ जीबीच्या मोड्यूलमध्ये मिळायची आणि तिचं वाचन डीरॅमच्या साधारण तिप्पट वेळ घ्यायचं. त्या वेळी कर्नलचा नियम सोपा होता: ज्या नोडला सीपीयू आहे तो वरचा, ज्याला सीपीयू नाही तो खालचा.

ऑप्टेनसाठी हा नियम चालला, पण एचबीएमसाठी फसला. प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली ही उच्च बँडविड्थची (सेकंदाला जास्त माहिती वाहणारी) मेमरी बऱ्याचदा सीपीयू नसलेला वेगळा नोड म्हणून दिसते. नियमाप्रमाणे ती ‘संथ’ ठरली असती, म्हणजे सर्वांत रुंद रस्ता असलेल्या जागेत कर्नलनं थंड पानं नेऊन टाकली असती. शिवाय चालू मशीनला सीपीयू जोडला किंवा काढला की उतरंडीचा क्रमच बदलायचा. म्हणून डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत आयबीएमचे अनीश कुमार यांच्या कामातून स्पष्ट, स्वतंत्र थर आले. नोडला सीपीयू आहे की नाही यापेक्षा त्याची मेमरी किती वेगानं वागते, यावर थर ठरू लागले. त्या ‘वागण्या’ला कर्नल ‘ॲब्स्ट्रॅक्ट डिस्टन्स’ म्हणतो. आपण त्याला अमूर्त अंतर म्हणू. अंतर जितकं कमी, तितकी मेमरी वेगवान.

ऑप्टेन आता इतिहासजमा झाली, इंटेलनं २०२२ मध्ये ती गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिच्यासाठी रचलेली यंत्रणा मात्र आज सीएक्सएलच्या कामी येते आहे.

पहिली पायरी: घरात काय काय आहे ते पाहा

‘न्यूमासीटीएल’ला ‘हार्डवेअर’ हा पर्याय देऊन चालवा. प्रत्येक नोडसमोर त्याचे सीपीयू आणि मेमरी दिसेल, आणि शेवटी अंतरांचा तक्ता. ज्या नोडच्या सीपीयूच्या ओळीत काहीच नाही, तो आपल्या कामाचा. तो सीएक्सएल असू शकतो, एचबीएम असू शकतो किंवा एखाद्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी.

अंतरांच्या तक्त्यावर फार विसंबू नका. त्यात स्वतःच्या नोडला १० आणि दुसऱ्या सॉकेटला २० किंवा २१ असे आकडे असतात. ते फर्मवेअर (मशीनचा बायोससारखा मूळ प्रोग्राम) लिहिणाऱ्यानं भरलेले असतात आणि अनेकदा नाममात्रच असतात. त्यापेक्षा मोलाची माहिती ‘सिस’मध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती आणि सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवतो त्या फोल्डरात, आहे: ‘डिव्हायसेस’, त्यात ‘सिस्टिम’, त्यात ‘नोड’, मग तुमचा नोड, उदाहरणार्थ ‘नोड२’. त्याच्या आत ‘ॲक्सेस०’ आणि ‘ॲक्सेस१’ असे दोन फोल्डर असतील आणि त्यांच्या ‘इनिशिएटर्स’मध्ये ‘रीड लेटन्सी’, ‘राइट लेटन्सी’, ‘रीड बँडविड्थ’, ‘राइट बँडविड्थ’ या फाइली. लेटन्सी, म्हणजे माहिती येईपर्यंतचा उशीर, नॅनोसेकंदांत असते, बँडविड्थ सेकंदाला मेगाबाइटमध्ये. ‘ॲक्सेस०’ जवळच्या कोणत्याही उपकरणाच्या दृष्टीनं, तर ‘ॲक्सेस१’ फक्त सीपीयूच्या दृष्टीनं. आपल्याला ‘ॲक्सेस१’ हवा.

हे फोल्डरच नसतील तर तुमच्या फर्मवेअरनं एचमॅट नावाचा मेमरीच्या वेगांचा तक्ता दिलेला नाही. मग कर्नलला वेगाचा अंदाज घ्यायला काहीही नाही, हे इथेच लक्षात ठेवा. चौथ्या पायरीवर त्याचा संबंध येतो.

दुसरी पायरी: स्वतः मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात. फर्मवेअर जे सांगतो तो दावा असतो, आणि कर्नल त्या दाव्यावरच थर लावतो. तो खरा आहे का, हे तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही.

इंटेलचं मेमरी लेटन्सी चेकर असेल तर ‘लेटन्सी मॅट्रिक्स’ आणि ‘बँडविड्थ मॅट्रिक्स’ हे दोन पर्याय चालवा, प्रत्येक नोडपासून प्रत्येक नोडपर्यंतचे आकडे तक्त्यात मिळतात. ते नसेल तर ‘न्यूमासीटीएल’नं सीपीयू नोड ० ला बांधा, मेमरी एकेका नोडला बांधा आणि बँडविड्थसाठी ‘स्ट्रीम’, लेटन्सीसाठी ‘एलएमबेंच’मधली मेमरी वाचनाची चाचणी चालवा.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, चाचणीचा आकार प्रोसेसरच्या शेवटच्या कॅशच्या अनेक पट मोठा ठेवा, नाहीतर तुम्ही कॅशच मोजत बसाल. दुसरी, रिकाम्या मशीनवरची लेटन्सी आणि भार असतानाची लेटन्सी या वेगळ्या गोष्टी आहेत. डीडीआर५-४८०० च्या एका चॅनेलची कमाल बँडविड्थ ३८.४ जीबी प्रति सेकंद, आठ चॅनेलची ३०७.२. त्याउलट पीसीआय एक्सप्रेस ५ च्या आठ लेनवर बसलेल्या सीएक्सएल कार्डाला एका दिशेनं जेमतेम ३२ जीबी प्रति सेकंद मिळतात. इतक्या अरुंद रस्त्यावर थोडी गर्दी झाली तरी लेटन्सी भराभर वाढते. रिकाम्या मशीनवर २५० नॅनोसेकंद दिसणारं कार्ड भाराखाली कसं वागतं ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हातात असं हार्डवेअर नसेल तर क्यूएमू हा आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम वापरून सराव करता येतो. मशीनच्या पर्यायांत एनव्हीडिम (पर्सिस्टंट मेमरीचं मोड्यूल) चालू करा, रॅम ४ जीबी ठेवा, स्लॉट २ आणि कमाल मेमरी १२ जीबी सांगा. नोड ० ला सगळे सीपीयू आणि ती ४ जीबी द्या, नोड १ रिकामा जाहीर करा. मग ४ जीबीची मेमरी-बॅकएंड फाइल एनव्हीडिम उपकरण म्हणून जोडून तिचा नोड १ लिहा. दोन्ही मेमरी शेवटी तुमच्या लॅपटॉपच्या रॅममधूनच येणार, म्हणून वेगाचा फरक दिसणार नाही. पण थर, उतरवणी आणि चढवणी यांची सगळी यंत्रणा जशीच्या तशी हाताळता येते, आणि शिकायला तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: संथ मेमरीला कामाला लावा

सीएक्सएल मेमरी मशीनमध्ये दोन वाटांनी येते. एक म्हणजे फर्मवेअरच ती मांडून ‘विशेष कामासाठी राखीव’ अशी खूण करून देतो. तशी खूण दिसली की कर्नल ती साध्या रॅममध्ये मिसळत नाही, ‘डॅक्स’ उपकरण (थेट वाचता येणारी, पण साध्या रॅममध्ये न धरलेली मेमरी) म्हणून बाजूला ठेवतो. दुसरी वाट म्हणजे आपण ‘सीएक्सएल’ या साधनानं ‘क्रिएट-रीजन’ करून ती स्वतः मांडायची. क्यूएमूच्या सरावात ‘एनडीसीटीएल क्रिएट-नेमस्पेस’ला ‘डेव्हडॅक्स’ मोड सांगितला की तेच होतं.

आता ‘डॅक्स०.०’ नावाचं उपकरण तयार आहे. ‘डॅक्ससीटीएल रीकॉन्फिगर-डिव्हाइस’ला ‘सिस्टिम-रॅम’ मोड देऊन ते साध्या मेमरीत बदला. कर्नलमध्ये ‘केमेम’ हा ड्रायव्हर असला पाहिजे, वितरणांच्या कर्नलमध्ये तो बहुधा असतो.

इथे एक आदेश अडून बसतो. ‘डॅक्ससीटीएल’ सांगतं, की कर्नलच्या धोरणानुसार मेमरी आपोआप चालू होणार असल्यामुळे मी थांबतो. कारण असं: ‘सिस’मधल्या मेमरी फोल्डरात ‘ऑटो ऑनलाइन ब्लॉक्स’ नावाची फाइल आहे आणि तिच्यात ‘ऑनलाइन’ लिहिलेलं असतं. तिच्यात ‘ऑफलाइन’ लिहा आणि आदेश पुन्हा द्या. ‘फोर्स’ पर्याय देऊनही काम होतं, पण मी तो वापरत नाही. मेमरी आपोआप चालू झाली तर ती कर्नलच्या साध्या झोनमध्ये (मेमरीच्या विभागात) जाऊ शकते. तिथे कर्नलची स्वतःची न हलणारी पानं बसली की तो तुकडा परत काढता येत नाही. ‘डॅक्ससीटीएल’ स्वतः चालू करतं तेव्हा ती ‘मूव्हेबल’ झोनमध्ये टाकतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

आकार फार मोठा असेल तर आणखी एक हिशोब. प्रत्येक ४०९६ बाइटच्या पानासाठी कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो, म्हणजे एकूण मेमरीच्या सुमारे १.६ टक्के. एक टेराबाइट संथ मेमरी जोडली तर तिच्या नोंदींनाच १६ जीबी लागतात, आणि त्या वेगवान मेमरीतून गेल्या तर तुमचा माथ्यावरचा थर तेवढ्यानं आकसतो. ‘डेव्हडॅक्स’ बनवताना या नोंदी उपकरणावरच ठेवण्याचा पर्याय आहे. मग डीरॅम वाचते, पण त्या नोंदी वाचायला वेळ जास्त लागतो. डीरॅम मुळातच कमी असेल तर हा सौदा परवडतो.

चौथी पायरी: थर खरंच वेगळे झाले का

‘सिस’मध्ये ‘डिव्हायसेस’, त्यात ‘व्हर्च्युअल’, त्यात ‘मेमरी टियरिंग’. आत ‘मेमरी टियर४’, ‘मेमरी टियर२२’ असे फोल्डर दिसतील आणि प्रत्येकात ‘नोडलिस्ट’ नावाची फाइल. तिच्यात त्या थरातले नोड.

हे ४ आणि २२ कुठून आले? साध्या डीरॅमचं अमूर्त अंतर कर्नलनं ५७६ धरलं आहे. एका थराची रुंदी १२८. अंतराला १२८ नं भागून अपूर्णांक सोडला की थराचा क्रमांक मिळतो: ५७६ भागिले १२८ म्हणजे साडेचार, म्हणून थर ४. ‘केमेम’मधून आलेल्या मेमरीबद्दल काहीच माहिती नसेल तर कर्नल तिचं अंतर डीरॅमच्या पाचपट, म्हणजे २८८० धरतो. १२८ नं भागलं की २२.५, म्हणून थर २२. तुमच्या मशीनवर २२ दिसला तर बहुधा अर्थ असा, की कर्नलनं काही मोजलेलं नाही, ठरावीक गृहीतक वापरलं आहे. दोनच जातींची मेमरी असेल तर त्यानं बिघडत नाही, क्रम बरोबरच येतो. दोन वेगळ्या दर्जाची सीएक्सएल कार्डं असतील तर मात्र दोन्ही २२ मध्येच पडतील.

६.७ पासून एचमॅटचे आकडे असतील तर कर्नल प्रत्यक्ष गणित करतो. डीरॅमच्या अंतराला लेटन्सीच्या गुणोत्तरानं गुणायचं आणि बँडविड्थच्या गुणोत्तरानं भागायचं. लेटन्सी दुप्पट आणि बँडविड्थ निम्मी असलेली मेमरी घ्या: ५७६ गुणिले २, गुणिले २, बरोबर २३०४, म्हणजे थर १८. आता दुसऱ्या पायरीतले तुमचे मोजलेले आकडे याच सूत्रात घाला आणि आलेला थर ‘सिस’मधल्या थराशी ताडून पहा. मोठी तफावत असेल तर फर्मवेअरचा तक्ता चुकीचा आहे. मग फर्मवेअर अद्ययावत करणं किंवा विक्रेत्याकडे तक्रार करणं हाच मार्ग उरतो, कारण थराचा क्रमांक हातानं बदलायची सोय ‘सिस’मध्ये नाही.

मला स्वतःला एकदा एका कंपनीच्या सर्व्हरवर दोन दिवस याच पायरीवर काढावे लागले. सीएक्सएल नोड दिसत होता, मेमरी वापरलीही जात होती, उतरवणी चालू केलेली होती, पण एकही पान खाली उतरत नव्हतं. ‘मेमरी टियर४’ची नोडलिस्ट उघडल्यावर कारण कळलं: डीरॅमचे नोड आणि सीएक्सएलचा नोड तिन्ही एकाच थरात बसलेले. फर्मवेअरनं ‘विशेष काम’ची खूण न करता कार्डावरची मेमरी साधी रॅम म्हणूनच दिली होती आणि कर्नलनं ती सुरुवातीलाच डीरॅममध्ये धरली. बायोसमधला तो पर्याय बदलून मशीन पुन्हा चालू केल्यावर २२ क्रमांकाचा थर आला. आता मी पुढच्या कोणत्याही पायरीला हात लावण्याआधी नोडलिस्ट उघडतो.

पाचवी पायरी: उतरवणी

‘सिस’मध्ये ‘कर्नल’, ‘एमएम’, ‘न्यूमा’, आणि तिथली ‘डिमोशन एनेबल्ड’ ही फाइल. तिच्यात मुळात ‘फॉल्स’ असतं. १ लिहा.

यानंतर वरच्या थरात जागा कमी पडली, की ‘केस्वॅपडी’ हा कर्नलचा जागा मोकळी करणारा भाग निष्क्रिय यादीच्या (अलीकडे न लागलेल्या पानांच्या) शेपटाकडची पानं उचलून खालच्या थरातल्या सर्वांत जवळच्या नोडवर नेतो. तिथेही जागा नसेल तर नेहमीची वाट: फाइलीचं पान असेल तर सोडून द्यायचं, प्रोग्रामचं असेल तर स्वॅप. स्वॅप अजिबात नसला तरी प्रोग्रामची पानं उतरतात, कारण ती डिस्कवर जात नाहीत, दुसऱ्या मेमरीत जातात.

इथे ‘स्वॅपिनेस’, म्हणजे प्रोग्रामची पानं बाहेर काढायची कर्नलची तयारी ठरवणारा आकडा, आडवा येतो. डेटाबेसच्या सर्व्हरवर स्वॅप टाळण्यासाठी अनेकांनी तो ० किंवा १ करून ठेवलेला असतो. ० ठेवला की कर्नल प्रोग्रामच्या पानांकडे जवळजवळ वळूनही बघत नाही आणि सगळा दाब फाइलींच्या पानांवर येतो. परिणामी थंड झालेला हीप (प्रोग्रामनं मागून घेतलेली मेमरी) डीरॅममध्येच ठाण मांडून बसतो. थर लावले असतील तर हा जुना आकडा पुन्हा तपासायलाच हवा. मी ६० या मूळ किमतीवरून सुरुवात करतो.

आणखी एक गोष्ट आधीच कळायला हवी. नवी जागा मागितली की कर्नल आधी जवळचा नोड बघतो, आणि तो भरलेला असेल तर थंड पानं उतरायची वाट न पाहता थेट संथ नोडवरून जागा देतो. म्हणजे उतरवणी चालू असूनही नव्या, गरमागरम पानांचा जन्म तळाच्या मडक्यात होऊ शकतो. वर थोडी मोकळी जागा कायम ठेवायची असेल तर ‘सिससीटीएल’च्या (कर्नलच्या सेटिंग बदलायच्या साधनाच्या) ‘व्हीएम’ विभागातला ‘वॉटरमार्क स्केल फॅक्टर’ वाढवा. मूळ किंमत १०, म्हणजे नोडच्या मेमरीचा ०.१ टक्का. ५१२ जीबीवर ही जागा जेमतेम अर्धा जीबी होते. १०० केलं तर सुमारे ५ जीबी. ‘केस्वॅपडी’ लवकर जागा होतो आणि जास्त वेळ काम करतो.

उतरवणी कधी चालू करू नये, हेही सांगतो. एखाद्या कामाची मेमरी अमुक नोडबाहेर जाताच कामा नये अशी ‘सीपीयूसेट’ची कडक अट तुमच्याकडे असेल, तर थांबा. उतरवणी पान त्या अटीबाहेरच्या नोडवर नेऊ शकते, आणि कर्नलचं स्वतःचं दस्तऐवजही तशा मशीनवर ती चालू न करण्याचा सल्ला देतं.

सहावी पायरी: चढवणी

खाली गेलेलं पान पुन्हा लागू लागलं तर ते वर आणलं पाहिजे. हे काम मे २०२२ च्या ५.१८ आवृत्तीपासून न्यूमा बॅलन्सिंगकडे, म्हणजे पानं योग्य नोडवर नेणाऱ्या यंत्रणेकडे, आहे. ‘सिससीटीएल’च्या ‘कर्नल’ विभागातला ‘न्यूमा बॅलन्सिंग’ २ करा. १ म्हणजे नेहमीचं, सॉकेटांमधलं संतुलन. २ म्हणजे थरांमधली चढवणी. दोन्ही हवं असेल तर ३.

गरम पान ओळखायची रीत सुंदर आहे. कर्नल संथ नोडवरच्या पानांच्या नोंदी तात्पुरत्या बंद करून ठेवतो आणि वेळ टिपतो. प्रोग्रामनं त्या पानाला हात लावला की एक छोटा फॉल्ट होतो आणि कर्नल पुन्हा घड्याळ बघतो. मधला वेळ कमी, म्हणजे पान गरम. सुरुवातीची मर्यादा एक सेकंदाची असते आणि ६.१ पासून कर्नल ती परिस्थितीनुसार स्वतः हलवतो.

कशाच्या आधारे हलवतो? ‘न्यूमा बॅलन्सिंग प्रमोट रेट लिमिट एमबीपीएस’ या आकड्याच्या. सेकंदाला किती मेगाबाइट चढवायची, याची ही कमाल. मूळ किंमत ६५५३६, म्हणजे ६४ जीबी प्रति सेकंद, थोडक्यात मर्यादाच नाही. हा आकडा मी नेहमी खाली आणतो आणि १००० ते २००० च्या मध्ये सुरुवात करतो. ३२ जीबीच्या अरुंद रस्त्यावर पानं वर-खाली नेणंच जास्त झालं, तर प्रोग्रामच्या स्वतःच्या वाचनाला वाट उरत नाही.

सातवी पायरी: आकडे वाचा

‘प्रॉक’मधली ‘व्हीएमस्टॅट’ फाइल दर दहा सेकंदांनी वाचा आणि फरक काढा. हे आकडे ४ केबीच्या पानांत असतात, म्हणजे सेकंदाला १००० पानं म्हणजे साधारण ४ एमबी.

‘पीजीडिमोट केस्वॅपडी’ वाढतोय, हे चांगलं लक्षण: पार्श्वभूमीत शांतपणे उतरवणी चालू आहे. ‘पीजीडिमोट डायरेक्ट’ वाढतोय तर काळजी करा, कारण जागा मागणारा प्रोग्राम स्वतः थांबून पानं उतरवतोय. त्यावर पहिला उपाय वर सांगितलेला वॉटरमार्क. ‘पीजीप्रमोट सक्सेस’ म्हणजे प्रत्यक्ष चढलेली पानं, ‘पीजीप्रमोट कँडिडेट’ म्हणजे चढण्याच्या लायकीची ठरलेली.

सगळ्यात बोलकं चित्र म्हणजे उतरवणी आणि चढवणी दोन्ही मोठी, जवळजवळ सारखी आणि तासन् तास तशीच. याचा अर्थ गरम पानांचा संच डीरॅममध्ये मावतच नाही आणि तीच पानं येरझारा घालताहेत. इथे चढवणीची मर्यादा खाली आणली तर मशीनला श्वास मिळतो, पण खरा उपाय डीरॅम वाढवणं किंवा त्या मशीनवरचं एखादं काम दुसरीकडे हलवणं हाच. उलट दोन्ही आकडे सुरुवातीला उसळले आणि तासाभरात जवळजवळ शून्यावर आले, तर तुमची उतरंड जमली.

कंटेनर असतील तर प्रत्येक सीग्रुपची (कर्नल कंटेनरचा हिशोब ज्या गटात ठेवतो त्याची) ‘मेमरी डॉट न्यूमा स्टॅट’ फाइल बघा. कुणाची किती मेमरी कोणत्या नोडवर आहे ते तिथे दिसतं. मात्र ‘मेमरी डॉट मॅक्स’ दोन्ही थर मिळून मोजतं. एका कंटेनरनं सगळी डीरॅम बळकावली आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त सीएक्सएल आलं, तरी दोघंही आपापल्या मर्यादेत असल्याचंच दिसेल.

कर्नलवर सोडू नये ते

ह्यूजटीएलबीची, म्हणजे आधीच राखून ठेवलेली, मोठी पानं उतरतही नाहीत, चढतही नाहीत. डेटाबेसचा शेअर्ड बफर अशा पानांत असेल तर ती पानं सुरुवातीलाच डीरॅमच्या नोडवर राखून ठेवा. प्रत्येक नोडसाठी किती मोठी पानं राखायची हे ‘सिस’मधल्या त्या त्या नोडच्या ‘ह्यूजपेजेस’ फोल्डरात लिहिता येतं. ‘एमलॉक’ केलेली, म्हणजे प्रोग्रामनं मेमरीत अडकवून ठेवलेली, पानंही उतरत नाहीत.

एचबीएमची गोष्ट आणखी वेगळी. झिऑन मॅक्स प्रोसेसरमध्ये ६४ जीबी एचबीएम२ई असते. तिची लेटन्सी डीरॅमपेक्षा चांगली नसते, बँडविड्थ मात्र कितीतरी जास्त. समजा लेटन्सी १.२ पट आणि बँडविड्थ ४ पट: ५७६ गुणिले १.२ भागिले ४, सुमारे १७३, म्हणजे थर १. डीरॅमच्या वरचा थर, बरोबर. पण कर्नल सीपीयू असलेल्या थरातून वर चढवणी करत नाही. म्हणजे एचबीएममधून पानं डीरॅमवर उतरतील, डीरॅममधली गरम पानं आपोआप एचबीएमवर जाणार नाहीत. तिथे काय ठेवायचं ते ‘न्यूमासीटीएल’च्या ‘प्रेफर्ड’ किंवा ‘मेमबाइंड’नं आपणच सांगायचं.

आणि ज्या कामाला लेटन्सीपेक्षा बँडविड्थची भूक जास्त आहे, मोठ्या मॅट्रिक्स वाचणारं गणन वगैरे, तिथे थरांचा विचारच बाजूला ठेवून दोन्ही रस्ते एकदम वापरता येतात. ६.९ पासून वजनदार इंटरलीव्ह आहे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात पानं नोडांमध्ये आळीपाळीनं वाटणं. ‘सिस’, ‘कर्नल’, ‘एमएम’, ‘मेमपॉलिसी’, ‘वेटेड इंटरलीव्ह’ इथे प्रत्येक नोडची एक फाइल असते आणि तिच्यात १ ते २५५ मधलं वजन लिहायचं. डीरॅमचे ३०७ आणि सीएक्सएलचे ३२ असतील तर नोड ० ला ९ किंवा १० आणि संथ नोडला १. दर दहा-अकरा पानांतलं एकच पान संथ नोडवर जातं आणि दोन्ही रस्त्यांचा प्रवाह एकत्र मिळतो. काम सुरू करताना ‘न्यूमासीटीएल’च्या नव्या आवृत्तीतला वेटेड इंटरलीव्हचा पर्याय द्या. ही वजनं दुसऱ्या पायरीत मोजलेल्या आकड्यांवरूनच काढा, माहितीपत्रकावरून नको.

सगळं पुन्हा मागे घ्यायचं असेल तर

‘सिस’मध्ये लिहिलेलं रीबूटनंतर टिकत नाही. ‘न्यूमा बॅलन्सिंग’, मर्यादा, वॉटरमार्क आणि स्वॅपिनेस ‘सिससीटीएल’च्या फाइलीत लिहून ठेवा. ‘डिमोशन एनेबल्ड’ आणि ‘डॅक्ससीटीएल’चा आदेश ‘सिस्टिमडी’च्या एका छोट्या सर्व्हिसमध्ये घाला, आणि त्यात ‘डॅक्ससीटीएल’ आधी, उतरवणी नंतर असा क्रम ठेवा.

कार्ड काढायचं असेल तर उलट्या क्रमानं जा. आधी ‘डिमोशन एनेबल्ड’ बंद करा, म्हणजे खाली नवीन पानं जाणार नाहीत. चढवणी अजून चालूच राहू द्या. मग ‘डॅक्ससीटीएल ऑफलाइन-मेमरी’ द्या. कर्नल संथ नोडवरची उरलेली पानं एकेक करून डीरॅमवर आणतो. डीरॅममध्ये तेवढी जागा आहे याची खात्री आधीच करून घ्या, नाहीतर आदेश अर्ध्यावर अडकतो आणि मशीनवर मेमरीची ओढाताण सुरू होते. सगळे तुकडे ऑफलाइन झाल्यावर उपकरण पुन्हा ‘डेव्हडॅक्स’ मोडमध्ये न्या. तिसऱ्या पायरीत मेमरी ‘मूव्हेबल’ झोनमध्ये टाकलेली असेल तर हे काम मशीन बंद न करता होतं.